उभ्या माणसाला सांगू नये

प्रदेश बदलला, तरी आधी निवडलेले रुग्णालय खालच्या चौकटीत तसेच चिकटून राहत होते. जिपाराने पहिल्या यादीतून नारीन निवडले, दुसऱ्या यादीतून तिथले एक रुग्णालय निवडले आणि मग नारीन बदलून तालास केले. तालासच्या नावाखाली नारीनचे रुग्णालय ठाण मांडून बसलेले. तिने तेच पुन्हा सावकाश करून पाहिले आणि दोषांच्या नोंदीत लिहिले: काय केले, काय झाले, काय व्हायला हवे होते. या तीन ओळी लिहिण्याचाच तिला पगार मिळत असे. टेस्टिंगच्या कामात इतकी वर्षे गेली होती की कचेरीबाहेरच्या गोष्टीही तिला पुष्कळदा याच तीन ओळींत दिसत.

काम रुग्णालयांचे होते. देशात कुठेही दाखल असलेल्या माणसाची खबर नातेवाइकांना घरबसल्या कळावी, म्हणून बिश्केकमधल्या त्यांच्या लहानशा कंपनीकडे एक संकेतस्थळ बनवायला दिले होते. प्रदेश, रुग्णालय, विभाग आणि शेवटी रुग्णाचे नाव, अशा एकीखाली एक उघडणाऱ्या चार याद्या. नाव निवडले की त्या माणसाची स्थिती दिसे. अतिदक्षता विभागाचे दार नातेवाइकांना बंद असते आणि तिथला टेलिफोन कोणी उचलत नाही, हे सगळ्यांनाच अनुभवाने ठाऊक होते. त्यामुळे या कामाबद्दल कचेरीत कधी नव्हे ते सर्वांना थोडे बरे वाटत होते.

जिपारा त्या याद्या घाबरलेल्या माणसाच्या हातांनी तपासत असे. हातमोजा न काढता दाबून पाहणे, यादी पूर्ण उघडायच्या आतच बोट फिरवणे, नाव अर्धे लिहून मागे जाणे, एकच कळ चारदा दाबणे. शेजारच्या टेबलावरचा आदिलेत, ज्याने हे सगळे बांधले होते, तो तिला थोरल्या बहिणीसारखे 'एजे' म्हणे आणि वैतागून विचारी, "एजे, शहाणा माणूस असं वापरतो का?"

"ज्याचा बाप आत आहे तो शहाणा नसतो," जिपारा म्हणे. "त्याच्यासाठी कर."

तिचा धाकटा भाऊ तिलेक रशियात येकातेरिनबुर्गला एका गोदामात कामाला होता. त्याच्या जुन्या फोनची काच तडकलेली होती आणि पडद्याचा खालचा कोपरा मेलेला होता. जिपारा प्रत्येक नवे पान आधी त्याला पाठवी. यादीतले शेवटचे नाव पडद्याच्या पार तळाशी जाते आणि दाबता येत नाही, हे त्याच्याच फोनवर कळले होते. "तुझा बिनपगारी नोकर आहे मी," तो म्हणे. पण जेवणाच्या सुट्टीत तपासून दोष मात्र तिच्याच पद्धतीने कळवी, तीन ओळींत, आणि तिसऱ्या ओळीत मुद्दाम काहीतरी वात्रटपणा करी. 'काय व्हायला हवे होते: माझा पगार वाढायला हवा होता.'

सप्टेंबरात, काम संपत आले असताना, जिपाराने चौथ्या यादीतून एक खोटे नाव निवडले आणि समोर करड्या चौकटीत एकच शब्द आला: मृत.

तो शब्द रुग्णालयांनीच दिलेला होता. उपचार सुरू, हलवले, घरी सोडले, मृत. असे चार शब्द, एकाच आकाराचे, एकाच रंगाचे. यंत्राच्या हिशेबाने काहीच चुकलेले नव्हते. जिपाराने तरीही तो गंभीर दोष म्हणून नोंदवला आणि बैठकीत आदिलेतने तिची तिसरी ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

"'ही खबर वाचणारा माणूस त्या वेळी उभा असू शकतो.' एजे, हा दोष आहे की म्हण?"

"आमचे अता असं म्हणतात," जिपारा वडिलांबद्दल म्हणाली.

"मग काय करू? वरती पाटी लावू, कृपया बसून घ्या?"

सगळे हसले. जिपाराही हसली, पण नोंद तिने मागे घेतली नाही. कंपनीचा प्रमुख कुबात हसायचा थांबला तेव्हा त्याने डोळे चोळले आणि म्हणाला, "माझ्या आईची खबर मला माझ्या मामाने सांगितली. आधी तासभर घोड्यांबद्दल बोलत होता. मला कळत होतं की हा घोड्यांसाठी आलेला नाही. पण तो तासभर मला हवा होता." मग त्याने जिपाराकडे पाहिले. "तूच सांग, काय दाखवायचं?"

"काहीच नाही," जिपारा म्हणाली. "नाव यादीतून निघून जावं. ज्याला ते सापडणार नाही तो विभागात फोन करील. तिथून घरच्या मोठ्या माणसांना कळेल. ती सांगतील त्यांच्या रीतीने."

रुग्णालयांचीही हरकत नव्हती. ओरडणारे नातेवाईक कोणालाच नको असतात. आदिलेतने एका दुपारीत ते करून दिले. जिपाराने खोट्या नावाच्या खोट्या माणसाला मारले, पान पुन्हा उघडले आणि यादीत ते नाव नाही असे पाहून नोंद बंद केली. त्या दिवशी तिला आपल्या कामाचा अभिमान वाटला. तसा तो फारसा वाटत नसे.

पुढच्या रविवारी ती गावी गेली, तेव्हा तिने ते वडिलांना सांगितले. मांबेताली गावच्या कालव्यावर पाणी सोडण्याचे काम करत; कोणाच्या शेताला केव्हा पाणी, हे त्यांच्या शब्दावर चाले. पण गावात त्यांना मान होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. कोणाच्या घरचे माणूस दूर कुठे वारले, की खबर आधी मांबेतालींकडे येई. ते कपाटातून स्वच्छ टोपी काढत आणि त्या घरी जात. जाऊन चहा मागत. मग कसल्यातरी निमित्ताने एकेक शेजारी आत येई, कोणी करवत मागायला, कोणी वासराची चौकशी करायला, आणि खोली भरली की मांबेताली समोरच्या माणसाला म्हणत, इकडे माझ्याजवळ बस. खांदे गोळा झाल्याशिवाय तोंड उघडू नये, असा त्यांचा नियम होता. उभ्या माणसाला सांगू नये, हा दुसरा.

त्यांनी मुलीचे बोलणे ब्रेडवर साय पसरत पसरत ऐकले.

"नाव काढून टाकता?"

"हो अता. लिहीत नाही काही."

"बरं केलंत." ते थोडा वेळ चावत राहिले. "मग शोधणारा काय करतो?"

"विभागात फोन करतो."

"हं," मांबेताली म्हणाले आणि त्यांनी साईची वाटी तिच्याकडे सरकवली. "खा. शहरात कसली साय मिळते तुम्हाला, खडूचं पाणी."

नोव्हेंबरात त्यांच्या छातीत दुखू लागले. गावाजवळच्या केमीनहून त्यांना बिश्केकला आणले, हृदयाच्या विभागात ठेवले आणि तिथून अतिदक्षता विभागात नेले. शहरावर कोळशाच्या धुराचे झाकण बसले होते. दुपारीसुद्धा दिवे लागत. जिपारा रोज संध्याकाळी रुग्णालयाच्या अंगणात उभी राही, दारावरच्या बाईकडे फळांचा रस आणि स्वच्छ कपडे देई आणि परत येई. आत तिला कोणी सोडले नाही. पान एव्हाना सर्वांसाठी खुले झाले होते, आणि ती बसमध्ये बसून पान उघडायच्या आत तिलेकचा निरोप आलेला असे: "उपचार सुरू. पाहिलं मी." गोदामात खोकी चढवता-उतरवता तो दर थोड्या वेळाने ते पान पाहत होता. "चांगलं चालतं तुझं पान," त्याने एकदा लिहिले. "शेवटचं नावसुद्धा दाबता येतं आता."

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी तिला फोन केला आणि आत बोलावले. तेव्हाच तिला कळले, कारण आजवर तिला कोणी आत बोलावले नव्हते.

त्यानंतर जे करायचे असते ते सगळे तिने केले. कागदांवर सह्या केल्या, गाडी ठरवली, वडिलांचा चष्मा मागून घेतला. सागिन अबाके, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गावाहून गाडीबरोबर आले. आयुष्यभर ट्रक चालवलेला हा जाडजूड माणूस रुग्णालयाच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभा होता.

"तिलेकला मी सांगतो," ते म्हणाले. "म्हणजे, सांगत नाही. ये म्हणतो. तू बोलू नकोस काही."

"नाही बोलत, अबाके."

"तुझा आवाज त्याला कळतो. फोनच करू नकोस. तो आला की सीमेवर आपण गाठू, बसवू, मग सांगू." त्यांनी टोपी उलटीसुलटी करून पाहिली. "सांगायचं कोणी, हाच प्रश्न आहे. सांगणारा तोच होता ना."

त्यांनी तिलेकला कळवले की अतांची तब्येत नाजूक आहे, निघ. थेट विमान शनिवारी होते. तिलेकने दुपारची बस धरली. कझाक गवताळ रान ओलांडून गुरुवारी दुपारी ती सीमेवर पोचणार होती. दफन शुक्रवारी ठरले. या सगळ्या गडबडीत जिपाराला पुष्कळ गोष्टी आठवल्या: लोकांसाठी पेले किती लागतील, शेजाऱ्यांचे मोठे पातेले कोणाकडे आहे, वडिलांची स्वच्छ टोपी कुठे असते. यादी मात्र तिला आठवली नाही. त्या मंगळवारी दुपारपर्यंत, जसे व्हायला हवे होते अगदी तसेच, चौथ्या यादीतून एक नाव निघून गेले होते.

बुधवारी अंगणात तंबू उभा राहिला. आत, मृतदेहाच्या बाजूला पडदा लावून, बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि जिपाराने गडद निळा रुमाल बांधून त्यांच्यात बसून वडिलांसाठी शोक गायला. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून उभे होते. नवे कोणी फाटकाशी आले की ते मोठ्याने रडत आणि येणारा लांबूनच रडत येई. तेलात कणकेचे तुकडे तळल्याचा वास सगळीकडे पसरला होता.

दुपारी फोन खिशात थरथरला. आदिलेत होता. जिपारा लाकडांच्या ढिगामागे गेली.

"एजे, माफ करा. या दिवसांत फोन करायला नको होता मी."

"बोल."

"ते रिकामे शोध आपण साठवतो ना, ज्यांत काहीच सापडत नाही. तुम्हीच सांगितलं होतं साठवायला. त्यात कालपासून एक फोन आहे. रशियाचा नंबर. मला आधी वाटलं यंत्र आहे, कोणीतरी हल्ला करतोय. कारण एकही जागा सोडत नाही. एका रुग्णालयाचे सगळे विभाग, मग दुसऱ्याचे, ओळीने. शहर झालं, मग चुई प्रदेश, मग इस्सिक-कुल. मग नाव बघितलं. काल्चाएव. प्रत्येक ठिकाणी तुमचंच आडनाव."

लाकडांवर बर्फाचा पातळ थर होता. जिपाराने त्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

"आता ओश चालू आहे," आदिलेत म्हणाला. "एजे, रिकामे शोध फार झाले की पान आपोआप बंद होतं त्या फोनसाठी. तसं मीच केलंय. थोड्या वेळात होईल. होऊ देऊ का? बंद झालं तर तो थांबेल तरी."

"नको. उघडं ठेव."

"बरं." मग तो म्हणाला, "तुमच्या त्या तिसऱ्या ओळीवर हसायला नको होतं मी."

"मीही हसले होते," जिपारा म्हणाली आणि फोन ठेवला.

अबाकेंचा शब्द मोडायचा की नाही, याचा विचार करत ती ढिगामागे उभी राहिली. फोनवर सांगणे म्हणजे चालत्या गाडीत, परक्या माणसांत, हातात फक्त एक तुकडा काच असलेल्या पोराला सांगणे. न सांगणे म्हणजे त्याला ओशनंतर बातकेन, बातकेननंतर जलालाबाद करू देणे. वडिलांनी विचारले होते, शोधणारा काय करतो. तिने उत्तर दिले होते, आणि ते उत्तर कधी तपासून पाहिले नव्हते. घाबरलेला माणूस विभागात फोन करत नाही. जे उत्तर नको आहे ते जिथे मिळेल तिथे तो जात नाही. तो यादी पुन्हा उघडतो. हे टेबलावर बसून तिनेच आदिलेतला रोज शिकवले होते.

तिने तिलेकला फोन लावला.

"एजे," तो लगेच म्हणाला. मागे इंजिनाची घरघर होती. "तुझा फॉर्म बिघडलाय."

"कुठे आहेस?"

"काय माहीत. गवत आणि बर्फ, गवत आणि बर्फ. ऐक ना. मी प्रदेश निवडतो, रुग्णालय निवडतो, विभाग निवडतो. नाव येत नाही. सोमवारी येत होतं."

जिपारा ढिगाच्या आणखी मागे सरकली.

"हलवलं असेल, म्हणून बाकीचे विभाग पाहिले. मग बाकीची रुग्णालयं. ओशला कशाला नेतील, नाही का? तरी पाहिलं. 'घरी सोडले' असंही कुठे दिसत नाही." त्याचा आवाज शांत होता, कामाचा अहवाल द्यावा तसा. "काय केलं ते सांगितलं. काय झालं ते सांगितलं. काय व्हायला हवं होतं, ते तू लिही."

"बघते मी."

"दोष असेल."

"असेल."

"आदिलेतला सांग. तोच गोंधळ घालतो, तू म्हणतेस ना."

"सांगते." तंबूजवळ कोणीतरी नवे आले होते, पुरुष मोठ्याने रडू लागले. जिपाराने फोनवर तळहात दाबला, आवाज ओसरेपर्यंत दाबून धरला आणि मग उचलला. पलीकडे फक्त इंजिनाची घरघर होती.

"बसलायस ना तू?" तिने विचारले.

"बसमध्ये उभं कोण राहतं, एजे?"

"शेजारी कोण आहे?"

"एक म्हातारे आहेत. उझ्बेक. गवंडीकाम करून परत चाललेत. तेही शोधतायत माझ्याबरोबर. माझं बोट दुखतं म्हणून तेच दाबतात."

"दे त्यांना."

फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. मग एक जाड, दम लागलेला आवाज आला, सलाम घालून म्हणाला, "बोल, मुली."

जिपाराला वाटले होते की आपण काय बोलायचे ते आपल्याला सुचेल. वडील काय बोलत, हे तिला कधीच ऐकायला मिळाले नव्हते. त्या खोल्यांत मुली नसत.

"बाबा," ती म्हणाली, "माझा भाऊ लांबून येतोय. दमलेला आहे."

"दिसतंय."

"त्याला एकटं सोडू नका."

"सोडत नाही." मग म्हाताऱ्याने विचारले, "घरी माणसं आहेत का तुझ्याजवळ?"

"पुष्कळ आहेत, बाबा."

"मग झालं. तिकडे ते, इकडे आम्ही." आणि त्यांनी फोन परत दिला. जिपाराने तिलेकला 'नीट ये' एवढेच म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी आदिलेतचा एका शब्दाचा निरोप आला. थांबलं.

गुरुवारी ते सीमेवर गेले: सागिन अबाके, गावचे दोन वडीलधारे आणि जिपारा. बाई असू नये असे एक जण म्हणाला, पण अबाके म्हणाले की पोराला आई नाही, बहीण तरी दिसू दे. गाडीत ते सारा वेळ ओठ हलवत होते. मध्येच मोठ्याने म्हणाले, "कालव्याच्या दाराचं म्हणू का? की, बाबा रे, दार कायमचं उघडं राहत नाही. पाणी ज्याच्या वाट्याचं तेवढंच."

"चांगलं आहे," मागचे वडीलधारे म्हणाले.

"तो काय म्हणायचा ते आठवत नाही मला. इतक्या घरी त्याच्याबरोबर गेलो, करवत मागायला. पण मी कधी ऐकायचोच नाही. मी रडणाऱ्याकडे बघायचो."

तिलेक नाक्यातून पिशवी घेऊन बाहेर आला तेव्हा जिपाराला तो आधी ओळखू आला नाही. वर्षभरात खांदे रुंद झाले होते आणि डोळे सुजून बारीक झाले होते. अबाकेंनी त्याला मिठी मारली, प्रवास कसा झाला विचारले आणि बाजूच्या चहाच्या दुकानात नेले. तिथे गावची आणखी माणसे आधीपासूनच दोन टेबलांवर बसलेली होती, सहज आल्यासारखी. तिलेकने प्रत्येकाला सलाम केला. कोणी त्याला तिथे कसे काय, हे विचारले नाही आणि त्यानेही विचारले नाही.

"इकडे माझ्याजवळ बस," अबाके म्हणाले.

तो बसला. अबाकेंनी त्याच्यासाठी चहा ओतला, तो पेल्याबाहेर सांडला.

"तिलेक," ते म्हणाले, "कालव्याला एक दार असतं. ते दार..." ते थांबले. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. "पाणी ज्याचं असतं तो... म्हणजे पाणी सोडणारा जो असतो..."

जिपाराने पाहिले, तिलेक त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. काहीही ठाऊक नसलेल्या माणसासारखा, अगदी लक्ष देऊन. आणि अबाके पुढे जाईनात तेव्हा तो हळू म्हणाला, "घाई नाही, अबाके. चहा घ्या आधी."

अबाकेंनी चहा घेतला. पेला खाली ठेवून त्यांनी तिलेकच्या मानेवर हात टाकला आणि कालव्याचे सगळे सोडून म्हणाले, "तुझा बाप गेला, पोरा. आम्ही सगळे आहोत."

तिलेकने मान खाली घातली. टेबलांवरची माणसे उठून जवळ आली. तो रडला, पण फार आवाज न करता, आणि त्याचे खांदे लवकरच स्थिर झाले. अबाके गोंधळून इकडेतिकडे पाहत होते. गाडीकडे जाताना त्यांनी जिपाराला बाजूला घेतले.

"बरं सांगितलं ना मी? पोचलं ना त्याला?"

"पोचलं, अबाके. अतांनी असंच सांगितलं असतं."

परतताना भाऊ-बहीण मागच्या आसनावर बसले. अबाके पुढे ड्रायव्हरशी टायरांबद्दल बोलू लागले. तिलेक खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात म्हणाला, "त्यांनी काही सांगितलं नाही हं. त्या बाबांनी."

"मीही नाही."

"माहीत आहे. जेवणाच्या थांब्याला त्यांनी सगळ्यांना माझ्याच टेबलावर बसवलं. ड्रायव्हरलासुद्धा. कोणी काही बोलेना. पोरं होती, बायका होत्या, एक तर दारू प्यालेला होता. बाबा चहा ओतत राहिले. मग म्हणाले, आता फोन खिशात ठेव, बेटा. मग रात्रभर रडलो मी. त्यांचं नावही विचारलं नाही मी. ते शिमकेंतच्या फाट्याला उतरले."

जिपाराने त्याचा हात धरला. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या पेराला काचेने कापले होते.

"त्याच्याआधी मात्र एकटाच होतो," तिलेक म्हणाला. "मंगळवारची अख्खी रात्र. बाबा झोपले होते."

जिपाराने रुमालाच्या टोकाने तो अंगठा पुसला.

"तो दोष नोंदव," तो म्हणाला.

"तिसऱ्या ओळीत काय लिहू?"

त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून, गोदामात जेवणाच्या सुट्टीत करीत असेल तसा. "नाही माहीत," तो शेवटी म्हणाला. "तू टेस्टर."

गावाच्या वेशीपाशी अबाकेंनी गाडी थांबवायला सांगितली. इथून मुलाने चालत जायचे असते, बापासाठी मोठ्याने रडत, म्हणजे तंबूपाशी उभ्या असलेल्यांना लांबूनच कळते की मुलगा आला. तिलेक उतरला. रस्त्याच्या कडेच्या कालव्याला पाणी नव्हते, तळाशी बर्फ होते. तो काही पावले चालला आणि त्याने तोंड उघडले, पण घशातून फक्त खरखर आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी एक फाटका, जेमतेम आवाज निघाला, दोन घरांपलीकडे न पोचणारा.

तंबूपाशी मात्र कोणीतरी त्याला येताना पाहिले होते. काठ्यांवरचे पुरुष वाकले आणि त्यांनी एकदम इतक्या मोठ्याने रडायला सुरुवात केली की तिलेकचा आवाज त्यात बुडून गेला.

"आवाज बसलाय पोराचा," गाडीशेजारी उभे राहून अबाके म्हणाले. "बसमध्ये थंडी असणार."

"हो, अबाके," जिपारा म्हणाली. "फार थंडी होती."